चार किलो आणि आंबट पाणी

पंचकुल्यात आमच्या सेक्टरमध्ये वजन कमी करायच्या ऑपरेशनला सगळे सरसकट ‘स्लीव्ह’ म्हणतात. समोरच्या भाभीजींच्या जावेची झाली, ह्यांच्या बँकेतल्या कुणाच्या मेहुण्याची झाली, दोघंही आता सकाळी घग्गरच्या बाजूला फिरायला जातात. पुण्याहून बहिणीचा फोन आला, “अगं, गडकरींनी नाही का २०११ साली केली? तूही करून टाक.” त्यांनी कोणती केली ते तिला ठाऊक नव्हतं. आणि यात ‘कोणती’ असा प्रश्न असतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

माझं वजन ११८ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ४७ च्या वर. मधुमेह इन्शुलिनवर गेलेला. आपल्याकडे विमा कंपन्यांच्या नियमातही बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा मोठा आजार असेल, तर ही शस्त्रक्रिया बसते. त्यामुळे करायची की नाही, यावर घरात फार चर्चा झाली नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र डोकं गरगरायला लागलं.

सर्जनांनी कागदावर जठर काढलं आणि त्याच्या डाव्या फुगीर भागावर तिरप्या रेघा मारल्या. स्लीव्हमध्ये हा भाग, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश जठर, कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच फुगीर भागात तयार होतं, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. दुसऱ्या चित्रात बायपास. जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करायची आणि लहान आतडं वर आणून तिला जोडायचं. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. या जोडणीमुळे साखर वजन उतरायच्या आधीच सुधारायला लागते. ते ऐकून मी खुर्चीत पुढे सरकले. तिसरा मिनी बायपास. त्यात लांबट पिशवी आणि दोनऐवजी एकच जोड, म्हणून ऑपरेशन कमी वेळात होतं. भारतात तो बराच होतो.

मी विचारलं, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उलट मलाच विचारलं, “मॅडमजी, रात को लेटने पर खट्टा पानी ऊपर आता है?”

येतं. कित्येक वर्षं येतं. दोन उशा घेतल्याशिवाय मी झोपत नाही. वजनाच्या ऑपरेशनशी त्याचा संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं. त्यांनी एंडोस्कोपी करून घेतली. अन्ननलिकेला सूज होती आणि जठराचा थोडा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला होता.

मग त्यांनी फिनलंडमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथे २००८ ते २०१० या काळात २४० रुग्णांपैकी निम्म्यांची स्लीव्ह आणि निम्म्यांची बायपास केली, कुणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, आणि पुढे दहा वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जादा वजन ४४ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं ५० टक्क्यांच्या थोडं वर. टक्के ऐकून मी आधी भलतीच हरखले. ११८ चे निम्मे ५९! पण हे टक्के जादा वजनाचे आहेत. माझ्या उंचीला बीएमआय २५ म्हणजे ६२ किलो, त्यावरचं ५६ किलो ते जादा. घरी येऊन डायरीत हिशेब मांडला. स्लीव्हने साधारण २५ किलो, बायपासने २८-२९. दहा वर्षांनी फरक चारेक किलोंचा.

त्याच अभ्यासात अन्ननलिकेला सूज मात्र स्लीव्हनंतर ३१ टक्के लोकांना आढळली आणि बायपासनंतर ७ टक्क्यांना. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. भाभीजींच्या जावेला ॲसिडिटी नव्हती, तिला स्लीव्ह मानवली, छानच झालं. माझ्या उशा दोन आहेत. मिनी बायपासही माझ्यासाठी मागे पडला, कारण त्यात पित्त वर येण्याची शक्यता राहते.

म्हणजे बायपास. पण त्याची किंमत पैशांपुरती नाही, आणि ती आधी स्पष्ट सांगितली जावी असं मला फार वाटतं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, रक्ततपासण्याही जन्मभर. गोड जास्त झालं तर धडधड, घाम, चक्कर. उरलेल्या जठरापर्यंत नेहमीची एंडोस्कोपी पोचत नाही. आणि ज्याने मी सगळ्यात जास्त हादरले ते हे, की गुडघ्यांसाठी मी रोज घेते तसल्या वेदनाशामक गोळ्या बंद. त्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखूनेही होतो. “गोळीशिवाय जिना कसा चढणार तू?” ह्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून आता आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. पॅरासिटामॉल आणि व्यायामावर गुडघे किती निभावतात ते ऑपरेशनच्या आधीच बघायचं, असं सर्जनांनी सांगितलंय. आहारतज्ज्ञ मुलीने पनीर, डाळ, सोयाबीन आणि दह्याचा तक्ता दिलाय. आम्ही शाकाहारी, तेव्हा दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं इवल्याशा पिशवीतून कशी जाणार, हे तिने वाट्या समोर मांडून दाखवलं. बी-१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही आत्ताच कमी निघालेत. ते भरून येईपर्यंत तारीख मिळणार नाही.