फितीतला आवाज

दसऱ्यानंतर आमचे आईवडील कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघत आणि आम्ही पालीच्या वसतिगृहात उरत असू. त्या महिन्यांतली बिंदुसरेच्या तलावावरची थंडी विसरलो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विसरलो नाही. फीत अडकली की ती पेन्सिलीने गुंडाळण्याचा मान मोठ्या मुलांचा. भीमगीते आणि विठ्ठलाची गाणी एकाच कंठातून येत. गुरुजींना ते खटके, आम्हांला नाही.

२००४ च्या मेमध्ये वामनदादा कर्डक गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. शाळा नुकतीच उघडली होती. त्रिसरण-पंचशील झाल्यावर कोणी टेप लावला नाही. ज्याची आई त्या हंगामात फडावरून परतलीच नव्हती, त्या आमच्या सोबत्याने गाणे धरले. दुसऱ्या कडव्यापासून आम्ही कोरस झालो.