छत्री माझी, डेक माझा!

अमेरिकेत घर घेतलं म्हणजे आपण घरमालक झालो, असा एक गोड गैरसमज असतो. खरी मालकीण वेगळीच. तिचं नाव एचओए, म्हणजे होमओनर्स असोसिएशन. आपल्या पुण्यातल्या सोसायटीचीच ही बहीण, फक्त जास्त कडक. दाराला रंग कुठला, गवत किती वाढू द्यायचं, बाहेर कपडे वाळत घालायचे की नाही... सगळं ठरलेलं. मेंटेनन्स भरा आणि गप्प बसा!

न्यू जर्सीतल्या टाउनहाउसमध्ये मीही गप्पच होते. पण २००७ मध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. बाबांनी पुस्तकं तरी आणली होती. आई मात्र खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायची. म्हणून मराठी चॅनल घेतलं आणि मागच्या डेकवर छत्री बसवली.

आठवड्याभरात पत्र हजर! परवानगी घेतली नाही, शोभा बिघडते, दहा दिवसांत काढा, नाहीतर दंड.

आई म्हणाली, "अगं, जाऊ दे. माझ्यापायी भांडण नको. मी काय, पाहुणी."

ते 'पाहुणी' मला लागलं. त्याच रात्री नियम शोधला.

बॉस, काय नियम आहे! १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यानुसार एफसीसी या सरकारी आयोगाने तो त्याच वर्षी आणला. एक मीटर किंवा त्याहून कमी व्यासाची छत्री तुमच्या एकट्याच्या वापरातल्या जागेत असेल, तर असोसिएशनला आडकाठी करता येत नाही. विनाकारण उशीर, अवाच्या सवा खर्च, सिग्नल खराब होईल अशी अट, काहीच चालत नाही. १९९९ पासून भाडेकरूंनाही हा हक्क मिळाला. अर्थात मोकाट सुटायचं नाही. सामाईक छतावर हा हक्क नाही. सुरक्षितता किंवा ऐतिहासिक वास्तूचा प्रश्न असेल तर बंधन घालता येतं. पण ते योग्य आहे हे सिद्ध करायचं असोसिएशननेच!

मीटिंगला प्रिंटआउट घेऊन गेले. कमिटीतले एक आजोबा म्हणाले, "उत्तरेच्या बाजूला लावा ना, तिथे दिसणार नाही." मी म्हटलं, "काका, उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच. इथून तो दक्षिणेलाच दिसतो. उत्तरेला फक्त चिमण्या दिसतील." हशा पिकला. शेवटी छत्रीला भिंतीचा रंग द्यायचं ठरलं. सिग्नलला धक्का नाही, खर्च किरकोळ. मीही हो म्हटलं.

त्यानंतर आई रोज मला ऑफिसात फोन करायला लागली, "लवकर ये गं, आजचा भाग चुकवू नकोस."

आता मालिका मोबाइलवर दिसतात. नियम मात्र आहे तिथेच आहे आणि इंटरनेटच्या छत्र्यांनाही लागू आहे. तेव्हा तिकडे घर घेणाऱ्या दोस्तांनो, पत्र आलं तर घाबरू नका. आधी टेप काढा, छत्री मोजा. मग भांडा!