गोळीची भूक

रमजान आला की माझ्या खालाच्या मुलाच्या ताटाकडे घरातले सगळे बघू लागतात. वय 29, चाकणच्या एका कारखान्यात कामाला. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. ओलान्झापिन सुरू झाल्यावर कानातले आवाज थांबले, पोरगा पुन्हा कामावर जाऊ लागला. पण वर्षभरात 18 किलो वजन वाढलं. इफ्तारनंतर तासाभरात पुन्हा भूक. रात्री दोनला स्वयंपाकघरात उभ्यानंच शिळी रोटी, साखर, हाताला लागेल ते. मामू म्हणतात, "नफ्सवर काबू नाही याचा."

नफ्सचा इथे संबंधच नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही रिसेप्टर अडवतात. मग भूक वाढते आणि पोट भरल्याची खबर नीट पोचत नाही. रक्तातली साखर वाढण्याचा धोका असतो तो वेगळाच.

त्यात एमआयडीसीतली नोकरी. पाळी बदलली की जेवण आणि झोपही बदलते. रात्रपाळीला गोळी सकाळी घरी येऊन घ्यायची, दुपारी जाग येते तीच पोटात आगडोंब घेऊन. चिठ्ठीवर मात्र 'रात्री झोपताना' एवढंच लिहिलेलं. (पाळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना आपणच सांगावं लागतं.)

मला त्याच्या खाण्यापेक्षा लाजेची भीती वाटते. गेल्या वर्षी टोमण्यांना कंटाळून त्यानं गुपचूप गोळी सोडली. भूक गेली, जुनी पँट बसू लागली, सगळ्यांनी कौतुक केलं. सहाव्या आठवड्यात आवाज परत आले. अन्नात कुणीतरी विष कालवलंय म्हणून दोन दिवस त्यानं पाण्यालाही हात लावला नाही. ज्या घराला त्याचं खाणं खुपत होतं, ते घर एका घासासाठी त्याच्या मिनतवाऱ्या करत होतं.

अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी 2004 मध्येच एकत्र सांगितलं होतं: या गोळ्या सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी तपासा, वजन 4, 8 आणि 12 आठवड्यांनी पुन्हा बघा. याचं वजन पहिल्यांदा काट्यावर घेतलं गेलं ते दीड वर्षानंतर. आता नव्या डॉक्टरांनी गोळी तीच ठेवून जोडीला मेटफॉर्मिन दिलंय. वजन वाढायचं थांबलंय, भूक थोडी आवरलीय.

रोज्याबद्दलही त्यांनाच विचारलं. यंदा नको, म्हणाले. आजाऱ्याला सवलत आहेच, सूरह बकराच्या 184 व्या आयतीत. खालानं फिदयाचे पैसे डब्यात काढून ठेवलेत. मामूंना कुणी सांगायचं, ते तेवढं ठरायचंय.