लहान झालेला देव

डिसेंबर उजाडला की नाताळच्या गोष्टीतली सगळी माणसं वऱ्हाडाच्या शिवारात आपापल्या जागी येऊन उभी राहतात. सोयाबीन कधीच निघालेलं असतं, कापसाचा पुढचा वेचा चालू असतो. रिकाम्या वावरात धनगरांनी मेंढ्या बसवलेल्या असतात. वावराला खत मिळतं आणि धनगराला चार पैसे. रात्री तो घोंगडं गुंडाळून शेकोटीपाशी जागा असतो, कारण कोल्हा-लांडगा थंडी पाहून येत नाही. मेळघाटातून उतरलेली कोरकू कुटुंबं अचलपूर, अकोट, दर्यापूरच्या बाजूला मजुरीला आलेली असतात. त्यांत एखादी पोटुशी बाई असतेच, आणि तिचे दिवस भरले म्हणून वेचणी थांबत नाही. गोठ्यात कुटार रचलेलं असतं. लूकने शुभवर्तमानात जन्माची जी गोष्ट सांगितली, तिला याहून वेगळं सामान लागलेलं नाही.

ती गोष्ट सुरू होते सरकारी कागदावर. सम्राट ऑगस्टसने नावनिशी लिहून घेण्याचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला निघाली. शंभराहून अधिक किलोमीटरची वाट. धारणीहून अमरावतीला यायचं तर तेवढीच पडते. पोहोचल्यावर उतरायला जागा मिळाली नाही. मूल जन्मलं आणि गव्हाणीत निजवलं गेलं. बातमी आधी कळली ती रानात जागणाऱ्या मेंढपाळांना. मत्तयच्या शुभवर्तमानात तारा पाहून पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात, तेही आधी हेरोद राजाच्या राजधानीत, यरुशलेमात, जाऊन विचारतात. राजा जन्मला म्हणजे राजधानीतच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तारा वाचता येणाऱ्या माणसांचाही पत्ता चुकला!

पंचवीस डिसेंबर ही तारीख कुठल्याच शुभवर्तमानात नाही. रोममधल्या इसवी सन 354 च्या एका पंचांगवजा संग्रहात ती ख्रिस्तजन्माची म्हणून नोंदलेली सापडते. मार्कने तर जन्माची गोष्टच सांगितलेली नाही. योहानाकडे गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. आरंभापासून देवापाशी असलेल्या शब्दाने मानवी देह घेतला आणि तो आमच्यात राहिला, एवढंच तो सांगतो. या सगळ्यांच्याही आधी पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं होतं. ख्रिस्ताने आपलं देवपण घट्ट धरून न ठेवता स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं, असं तो त्यात म्हणतो. नाताळचा गाभा मला इथे दिसतो. देव दयाळू आहे हे पुष्कळ धर्म सांगतात. पण ज्याला दूध पाजावं लागतं, ज्याची मान हाताने सावरावी लागते, जो थंडीत गारठू शकतो, असा देव मानायला वेगळीच छाती लागते. मोठ्या देवापुढे माणूस हात जोडतो. लहान देवाला उचलून घ्यावं लागतं, आणि जोडलेल्या हातांनी कुणाला उचलता येत नाही.

ही कल्पना वऱ्हाडाला परकी वाटायचं कारण नाही. मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धिपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू वावरले. परमेश्वर मनुष्यदेह धारण करतो, ही महानुभाव पंथीयांची श्रद्धा. म्हणून त्यांनी प्रभूंचं खाणंपिणं, रुसणं, पोरांत खेळणं, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जाणं, सगळं लीळा म्हणून जपून ठेवलं. देव गल्लीत भेटतो हे या मातीने सातशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलं आहे. तरी दोन्ही श्रद्धा एकच, असं म्हणणं दोघांवरही अन्याय. ख्रिस्ती श्रद्धेत हे येणं एकदाच घडतं, आणि ते गव्हाणीत सुरू होऊन क्रुसावर पोहोचतं. दुष्टांचा संहार करायला हे मूल येत नाही. उलट हेरोदाची तलवारच त्याला शोधत निघते आणि आईबाप त्याला घेऊन मिसर देशात पळतात. जगाचा तारणारा म्हणवणाऱ्याची पहिली ओळख निर्वासित मूल ही आहे.

वऱ्हाडात ही गोष्ट रुजली तो काळही सुखाचा नव्हता. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी गावं उजाड केली. अलायन्स मिशनने अकोल्याला आणि खामगावला अनाथ पोरं सांभाळली. अचलपूरकडून कोरकूंमध्ये मिशनरी काम सुरू झालं. मिशनरी जॉन ड्रेक यांनी लिहिलेलं कोरकू भाषेचं व्याकरण 1903 मध्ये छापलं गेलं. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत पुढे 1955 मध्ये झाला. भाकरीसाठी बाटले, हा टोमणा इथल्या ख्रिस्ती मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. भाकरीला अट घातली गेली असेल, तर ती नाताळच्याच विरुद्ध होती, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण भुकेल्याला भाकरीत देव दिसला, तर त्याला हसायचा अधिकार पोट भरलेल्याला नाही.

आपल्याकडचा नाताळ मराठी झाला तो गाण्यांतून. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला अभंग-भजनाची वाट दिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. आज अमरावती-अकोल्याच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर जन्माची भजनं होतात, तरुण पोरं गिटार घेऊन कॅरल म्हणत घरोघर फिरतात, दारावर कागदी चांदणी लागते, ताटात केकशेजारी करंजी असते. शेजारीपाजारी ‘बडा दिन मुबारक’ म्हणत फराळाला येतात. गोड वाटतं सगळं. मात्र थर्माकोलच्या गव्हाणीत शेणाचा वास नसतो, एवढं लक्षात ठेवावं. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणून हा देखावा मांडला. त्या बाळाची आबाळ त्याला डोळ्यांनी बघायची होती. आपण देखावा ठेवला आणि आबाळ झाडून टाकली.

वऱ्हाडात नाताळच्या पाच दिवस आधी आणखी एक दिवस येतो. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबा गेले. त्यांची समाधी अमरावतीत आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, ही त्यांची शिकवण वऱ्हाडातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा जी कामं मोजतो, ती जवळपास हीच आहेत. बाबा ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ख्रिस्ती ठरवायची गरजही नाही. पण त्या अध्यायात पुढे एक गोष्ट येते, जिने नाताळ पुरा होतो. राजा म्हणतो, तो भुकेला मीच होतो. म्हणजे देव एकदा लहान होऊन मग मोठा होऊन निघून गेला, असं झालं नाही. तो लहानच राहिला. ज्याला आज जागा नाही त्याच्यात तो आहे, आणि त्याच्याशी आपण कसे वागलो यावरून आपली उपासना मोजली जाणार आहे.

तेव्हा यंदा पंचविसाची उपासना आटोपली, फराळ झाला, की एक काम करा. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा. तुमच्या गावच्या शिवारात मजुरीला आलेली कुटुंबं कुठे उतरली आहेत ते विचारा. तिथे तान्हं मूल असेल, पोटुशी बाई असेल, तर जवळच्या अंगणवाडीत त्यांचं नाव घालून द्या, दवाखान्याची वाट दाखवा, निजायला कोरडी जागा करून द्या. मेळघाटातली बाळं कुपोषणाने दगावतात हे आपण गेली तीस वर्षं वर्तमानपत्रांत वाचतो आहोत. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती याची हळहळ करण्यापेक्षा आपल्या गावात ती आहे की नाही हे बघणं, हाच खरा नाताळ.