बडोद्याचा समुद्र

बडोदं विश्वामित्रीच्या काठी वसलेलं, समुद्रापासून बरंच आत. तरीही बडोदे संस्थानाला स्वतःचा समुद्र होता. सौराष्ट्राच्या पार पश्चिम टोकाचं ओखामंडळ इंग्रजांनी 1817 मध्ये गायकवाडांच्या हवाली केलं आणि 1949 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते बडोद्याकडेच राहिलं. राजधानीपासून इतकं दूर, मध्ये कितीतरी परकी संस्थानं, पण द्वारकेचं देऊळ, बेट द्वारका आणि त्या भोवतीची प्रवाळाची पट्टी यांचा कारभार बडोद्यातून चाले.

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या मराठी घरांमध्ये ओखामंडळ म्हणजे द्वारकेची यात्रा, एवढीच ओळख. द्वारकाधीश, बेट, नागेश्वर करायचं, गोपी तलावाचं गोपीचंदन घ्यायचं आणि परतायचं. समुद्र लागतो तो होडीतून बेटावर जाताना. त्या पाण्याखाली काय आहे, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. सयाजीराव महाराजांनी मात्र ते विचारलं होतं. 1905-06 च्या हिवाळ्यात त्यांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला ओखामंडळात बोलावून तिथल्या किनाऱ्याची पाहणी करवून घेतली. हा माणूस सिलोनच्या मोत्यांच्या कालवांवर काम करून आलेला. त्याच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये आणि दुसरा 1916 मध्ये निघाला. यात्रेच्या वाटेने जायचं, पण या वेळी त्या अहवालातला समुद्र बघायचा, असं ठरवून आम्ही निघालो.

सौराष्ट्र मेल रात्री उशिरा बडोदं सोडते आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेचा रूळच संपतो तिथे, ओख्याला, आणून सोडते. ओख्याचं बंदर बडोदे सरकारने बांधलं, ते 1926 मध्ये सुरू झालं. पलीकडे बेट दिसतं आणि आता मधल्या खाडीवर सुदर्शन सेतू उभा आहे, सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब, फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झालेला. पूर्वी प्रत्येक यात्रेकरू इथून होडीनेच बेटावर जाई. आता बस आणि मोटारी थेट बेटापर्यंत पोचतात. जेट्टीवरच्या होड्या अजून चालतात, त्यांच्यामागे कुरव पक्ष्यांचा थवा असतो आणि लोक त्यांना गाठिया भिरकावतात. पक्ष्यांना हे खाऊ घालू नये असं मला मनापासून वाटतं, पण पुण्य मिळतं या समजापुढे बोलणं कठीण.

आम्ही ठरवलेली होडी वेगळी होती, मासेमारीची, लहान. वनखात्याची परवानगी आधीच काढलेली. तांडेल तिथलाच, त्याची बोली अर्धी कच्छी, अर्धी गुजराती. ओहोटी गाठायची म्हणून उजाडायच्या आत निघालो. खाडीबाहेर पडल्यावर वारा बरा होता, तेव्हा त्याने इंजिन बंद करून शीड चढवलं. इंजिन थांबलं आणि पाण्याचा जोर एकदम जाणवला. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीचा ओढा फार. ओख्याला फरक तीन-चार मीटरचा, आत नवलखीकडे तो सातच्याही वर जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर पडतं, गाळ ढवळत. प्रवाळाला खरं तर स्वच्छ, उबदार पाणी लागतं. इथे थंडीत पाणी गार पडतं, क्षार जास्त, गढूळपणा कायमचा आणि ओहोटीला अंगावर ऊन. तरी इथे पन्नासेक जातींची प्रवाळं टिकून आहेत, भारताच्या मुख्य भूमीवरची ही सगळ्यात उत्तरेची. या चिवटपणापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

बेटाचं पूर्वेचं टोक म्हणजे डनी पॉइंट. हनुमान दांडीच्या देवळापासून पुढे वाळू, काटेरी झुडपं आणि मग चेरची झाडं, म्हणजे आपल्याकडची तिवरं. यात्रेकरू दांडीला हनुमान आणि मकरध्वज यांचं दर्शन घेऊन मागे फिरतात. आम्ही पुढे चालत राहिलो. तिवरांच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या आणि बाहेरच्या वाळूत लाल चोचीचे कालवफोडे ओळीने उभे होते. त्यांच्यापलीकडे काळे-पांढरे, लांब पायांचे क्रॅब प्लोव्हर. या पक्ष्याचं वैशिष्ट्य असं की तो वाळूत बीळ खणून आत अंडं घालतो. पाणथळीतल्या चिखल्या-तुतारींच्या साऱ्या गोतावळ्यात असं करणारा हा एकटाच. त्याची वीण अरबस्तानाच्या आणि इराणच्या आखाताच्या किनाऱ्यांवर होते. कच्छच्या आखातात तो हिवाळ्याला येतो.

त्याच इराणच्या आखाताकडून बडोद्याला मोती येत. खंडेराव महाराजांनी 1865 च्या सुमारास मोत्यांची जी प्रसिद्ध चादर करवून घेतली, तिच्यावरचे बसरा मोती तिकडचेच. मदिनेला अर्पण करण्यासाठी ती केली होती, असं सांगतात. ती तेव्हा बडोद्यातच राहिली, पुढे परदेशी गेली आणि 2009 मध्ये दोह्याच्या लिलावात विकली गेली. खंडेरावांच्याच काळात, 1859 मध्ये, ओखामंडळच्या वाघेरांनी उठाव करून द्वारका आणि बेट ताब्यात घेतलं. त्यांचे पुढारी जोधा माणेक आणि मूळू माणेक यांचे पवाडे अजून या भागात गातात. इंग्रजांनी बेटाच्या किल्ल्यावर समुद्रातून तोफा डागल्या. म्हणजे ज्या पाण्यावर आम्ही तरंगत होतो ते बडोद्याच्या दरबाराला तेव्हा फक्त बंडाच्या बातम्या देत होतं. त्यानंतर अर्धं शतक जायच्या आत त्याच गादीवरचा राजा तिथे फौजेऐवजी जाळी, बरण्या आणि स्पिरिट घेतलेला माणूस पाठवतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. अर्थात उत्पन्नाचा हिशोब त्यात होताच. मोती मिळतील का, शंखाचा व्यापार वाढेल का, हे हॉर्नेलला पाहायचं होतं. पण त्याने कृमी, स्पंज, मऊ प्रवाळ, गोगलगायी, ज्यांना बाजारात कवडीची किंमत नाही असेही जीव गोळा केले. नमुने विलायतेच्या तज्ज्ञांकडे गेले. शंख नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायींवर लिहिलं सर चार्ल्स इलियट यांनी. हे गृहस्थ पूर्व आफ्रिकेत इंग्रजांचे कमिशनर होते आणि छंद गोगलगायींचा.

ओहोटी पुरती उतरली तेव्हा खडकाची पट्टी उघडी पडली. जाड तळाचे बूट घालून, पाऊल फक्त वाळूत किंवा नुसत्या दगडावर ठेवत चालायचं. सोबतचा वनखात्याचा वाटाड्या एखादा दगड उलटून दाखवी आणि होता तसाच परत ठेवी, कारण खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. एका दगडाखाली ऑक्टोपस होता, आमच्या डोळ्यांदेखत तपकिरीचा करडा झालेला. एका डबक्यापाशी मी बराच वेळ बसून राहिले. तळाशी गोनिओपोरा जातीचं प्रवाळ. बहुतेक प्रवाळं दिवसा मिटलेली असतात, हे उजेडातही उघडं राहतं. प्रत्येक जीव बोटाएवढ्या देठावर आणि टोकाला चोवीस शुंडकांचं वर्तुळ, शेवंतीच्या वाफ्यासारखं दाट. पाणी हललं की सगळा वाफा एका बाजूला झुकायचा. माझी सावली पडली, तसे जवळचे जीव एकामागोमाग आत ओढले गेले आणि खाली टणक, खाचाखाचांचा दगड उरला. सावली काढल्यावर पहिलं शुंडक बाहेर यायला किती तरी वेळ लागला.

पाणी चढल्यावर होडी पोशित्र्याकडे नेली. एकेकाळी तिथे मोठं बंदर करण्याचा प्रस्ताव होता, ते झालं नाही हे फार बरं झालं. भरती थांबून पाणी क्षणभर स्थिरावतं, गाळ खाली बसतो, तेवढ्या अवधीत स्नॉर्केल लावून उतरायचं. लक्षद्वीपच्या फोटोंतली निळाई इथे शोधू नये. हिरवट पाण्यात हातभर पुढचं स्पष्ट दिसतं, पण दिसतं ते भरघोस. मेंदूच्या वळ्यांसारखी प्रवाळं, त्यांच्या फटीत समुद्रफुलं, गुबगुबीत पफर मासा, समुद्री गवताचे पट्टे. असंच गवत खाऊन इथे डुगाँग हा सागरी सस्तन प्राणी जगतो, फार थोडे उरलेत.

एका ठिकाणी फांद्याफांद्यांची मेलेली प्रवाळं गाळात अर्धी रुतलेली होती. फांद्यांचं ॲक्रोपोरा या आखातातून जिवंत रूपात नाहीसं झालं, त्याचे हे सांगाडे. 1982 मध्ये इथे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, पण त्याआधी जामनगरच्या बाजूला सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जाई, आणि तिवरं जळणासाठी तुटत. अलीकडे मिठापूरजवळ लक्षद्वीपहून ॲक्रोपोराचे तुकडे आणून लावण्याचा प्रयोग झाला आहे. अशा कामाला जुनी नोंद लागते, कुठे काय होतं ते सांगणारी. ती नोंद बडोदे सरकारच्या खर्चाने झाली होती.

परतताना तांडेलाने वाळूतून उचललेला शंखाचा तुकडा दाखवला, झिजलेला, आतला पिळाचा कणा तेवढा राहिलेला, आणि लगेच पाण्यात टाकून दिला, कारण उद्यानातून काहीच न्यायचं नसतं. या कण्याची ओळख बडोद्याला चांगली आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 1980 च्या दशकात नागेश्वरला उत्खनन केलं, तिथे हडप्पा काळातली शंखकामाची वसाहत मिळाली. याच समुद्रातले शंख तिथे कापून बांगड्या करत, आणि उरलेले कणे टाकून देत. मी हे सांगितल्यावर तांडेलाने इंजिनाचा वेग कमी केला. नागेश्वर त्याच्या गावाहून जवळ, देवळात तो लहानपणापासून जातो, पण ही गोष्ट त्याने ऐकली नव्हती. कुठल्या शेतात खणलं, काय काय निघालं, वस्तू आता कुठे ठेवल्यात, असं तो ओख्याची जेट्टी येईपर्यंत विचारत राहिला.