मुका फोन

पिन भोकात बसली की काम झाले, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. ती एकट्या माझीच होती असेही नाही. पाहुण्यांकडे गेल्यावर त्यांच्या चार्जरला आपला मोबाईल लावून पाहणारे तुम्हीआम्ही सारे एकाच पंथाचे. बसली ना पिन? मग झाले तर!

या पंथावरची माझी श्रद्धा उडाली ती 2016 सालच्या पावसाळ्यात, आणि ती उडवली एका टेलिफोनने.

आमच्या शाळेच्या कचेरीत लेखनिकांच्या टेबलावर एक भारदस्त फोन होता. त्याला छोटासा पडदा आणि बाजूला बटणांच्या रांगा. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्याच्यावर वाजायचा आणि मग तिथून मुख्याध्यापकांच्या, शिक्षकांच्या खोलीत रवाना व्हायचा. जुलैतल्या एका सोमवारी तो बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, गुरुवारी येतो. मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले. अशा वेळी गप्प बसेल तर तो मास्तर कसला?

"सर, काळजी कशाला करता? माझ्या घरी एक फोन पडून आहे. उद्या घेऊन येतो."

तो फोन आमच्या अप्पांचा. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर तो घरात आला, तेव्हा अप्पांनी आळीत पेढे वाटले होते आणि आईने त्याच्यासाठी क्रोशाचे झाकण विणले होते. घरची लाइन काढून टाकली तरी फोन टाकायला माझा हात धजला नव्हता. तो मी पिशवीत घातला तेव्हा सौ.ने 'एक अडगळ गेली' म्हणून सुस्कारा सोडला.

मंगळवारी सकाळी मी भारदस्त फोनची पिन काढली आणि अप्पांच्या फोनची तिथे लावली. 'टक्' असा आवाज झाला. त्या 'टक्'मध्ये काय समाधान असते ते तुम्हांला ठाऊक आहेच! रिसीव्हर कानाला लावला तर आत नुसती बारीक गुणगुण. शिपाईमामांनी विचारले, "टोन आला का, गुरुजी?"

"जुन्या फोनचा टोन असाच असतो," मी छातीठोकपणे सांगितले. तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर निघून गेलो. लेखनिकांना बाहेर फोन करायचा असला की ते आपला मोबाईल काढीत. त्यामुळे दोन दिवस कोणाच्या काही लक्षातच आले नाही. उलट "तुमचा फोन शुभ दिसतो हं, एका पालकाची तक्रार नाही!" असे ते मला कौतुकाने म्हणाले. मीही ते कौतुक खिशात घातले.

त्या वर्षी माझ्याकडे पाचवी होती. वर्गात एक नवा मुलगा आला होता. बंजारा तांड्यावरचा, आईबाप गावात बांधकामावर. प्रश्न विचारला की तो उभा राही आणि खाली पाही. महिनाभरात मी त्याला मनातल्या 'मठ्ठ' या खणात टाकून मोकळा झालो होतो. एकदा तर तो शब्द भर वर्गात तोंडातूनही गेला होता.

बुधवारी सभा लांबली. सात वाजता बाहेर पडलो तर हा पायरीवर बसलेला. दप्तर छातीशी, पाऊस धो धो. वाटेत हमरस्ता ओलांडावा लागे, म्हणून रोज आई न्यायला यायची. "का रे, आई नाही आली?" मी विचारले. त्याने नेहमीसारखे खाली पाहिले. मीही त्याच्याशेजारी बसून राहिलो.

पावणेआठला ती माउली धावत आली. अंगभर सिमेंट, त्यावर पाऊस.

"गुरुजी, स्लॅब चालू होता, मुकादम सोडंना. त्याच्याच मोबाईलवरनं चार डाव फोन केला. नुसता वाजतोय, कुनी उचलंना. पोराला ठिवून घ्या, एवढंच सांगायचं व्हतं."

तिकडे तिच्या कानात घंटी वाजत होती आणि इकडे आमच्या टेबलावर शुभ शांतता नांदत होती! माझ्या तोंडून शब्द फुटेना.

शब्द फुटले ते त्या मुलाला. "याडी!" म्हणून त्याने आईला मिठी मारली आणि तो जो बोलत सुटला! गोरमाटीतले मला ओ की ठो कळेना. पण मध्येच दोन शब्द ओळखीचे वाटले: 'अंश' आणि 'छेद'. माझा सकाळचाच धडा! तो हवेत बोटांनी भाकरीचे चार तुकडे करून, त्यांतले तीन आईच्या हातावर ठेवीत होता.

गुरुवारी दुरुस्तीवाला आला. विशीतला पोरगा. अप्पांचा फोन पाहून हसला. म्हणाला, "सर, पिन तीच, तारा दोनच, पण बोली वेगळी. तुमच्या फोनला साध्या लाइनीवरचे अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात, आवाज तारेतून जसाच्या तसा जातो. हा मोठा फोन डिजिटल. तो आपल्या पेटीशी आकड्यांच्या भाषेत बोलतो, आणि तीही ज्या त्या कंपनीची निराळी. नशीब, उलटं नाही केलंत. हा साध्या लाइनीला लावला असता, तर घंटीच्या दाबानं जळलासुद्धा असता."

मग त्याने अप्पांचा फोन शिक्षकांच्या खोलीतल्या साध्या खोबणीत लावला. खणखणीत टोन आला. म्हणजे फोन मुका नव्हताच. मी त्याला भलत्या ठिकाणी जोडला होता, आणि वर त्याच्या मुकेपणाचे श्रेयही घेतले होते.

त्या बाईंची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. मुलाची मागायला मात्र धीर होईना. शेवटी तांड्यावरच्या नववीतल्या एका मुलीकडून दहा-बारा शब्द शिकून घेतले. सोमवारी फळ्यावर वर्तुळ काढले आणि म्हणालो, "ही एक बाटी. तिचे चार भाग केले, तीन खाल्ले. उरली किती?"

वर्ग गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मागच्या बाकावरून तो उभा राहिला. या खेपेस खाली न पाहता म्हणाला, "पाव बाटी, गुरुजी."

अप्पांचा फोन त्या खोलीत अजून आहे. तो खणखणला की सगळ्यांच्या आधी मीच उठतो.