सोडावॉटर

आमच्या आळीत झटकन उसळून झटकन निवणाऱ्या माणसाला ‘सोडावॉटर’ म्हणत. म्हणण्यात चेष्टा असे, राग नसे. लग्नघरात अशी दोन माणसं असल्याशिवाय मजा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाटली तेव्हा घरोघरच्या ओळखीची. जाड हिरवट काच, आवळलेला गळा, आत गोळी. एसटी स्टँडबाहेरचा गाडीवाला तोंडावर लाकडी खुंटी ठेवून तळव्याने दणका द्यायचा. फट्, मग फस्स! पिताना गळ्यातल्या दोन खाचा खालच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे गोळी तिथे अडकते आणि सोडा मोकळा येतो. वरच्या बाजूला ठेवल्या की गोळी तोंडाशी येऊन बसते. मग बाटली हलवत बसा. गोळी मात्र बाटली फोडल्याशिवाय मिळायची नाही, म्हणून गाडीवाल्याची नजर आम्हा पोरांवरून हलत नसे.

ही करामत हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरची, 1870च्या दशकातली. साधं बूच सुकलं की वायू निसटतो. कॉडने निसटणाऱ्यालाच राखणदार केलं. बाटली उलटी धरून भरायची, की आतला वायूच गोळीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. आतून जोर जितका जास्त, तितकं दार घट्ट. याच्याइतकं मिश्कील यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे पत्र्याची बुचं आली आणि इंग्लंडने ती बाटली सोडून दिली. आपल्याकडे आणि जपानात ती टिकली.

कॉलेजात असताना पुण्याच्या कॅम्पात अर्देशीरचा लालभडक रासबेरी प्यायलो. 1884 पासूनची कंपनी, चव गोड, झिणझिणी नाकापर्यंत. ही झिणझिणी मी बुडबुड्यांची समजत होतो, पण ती मुख्यतः वायू पाण्यात विरघळून होणाऱ्या कार्बनिक आम्लाची. बुडबुड्यांना तर टेकायला जागा लागते. आत्या लिंबूसोड्यात चिमूटभर काळं मीठ टाकायची आणि ग्लास उतू जायचा, तो त्या खरबरीत कणांमुळे. पुसायला लागणारी ती, वर “आता कसा जिवंत झाला!” म्हणणारीही तीच.

परवा एका मॉलमध्ये गोळीची बाटली दिसली. हरखून साधा सोडा मागितला. पोरगा म्हणाला, “साधा नाही काका, ब्लूबेरी आहे.”